ताईंचे केस कोण कापणार

एकतीस वर्षं ताईंनी दुसऱ्यांचे केस कापले. त्या सगळ्या काळात त्यांचे स्वतःचे केस मात्र एकाच व्यक्तीने कापले, ती म्हणजे त्यांची भागीदारीण. महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुकान बंद असायचं. त्या दिवशी दोघी आतून कडी लावायच्या. आधी एक खुर्चीत बसायची, मग दुसरी. काय हवं, किती हवं, हे विचारायची वेळ कधी आली नाही.

मग ताईंच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं. आधी संध्याकाळी, मग दुपारी, मग सकाळी पहिली कात्री उचलतानाच. डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "दिवसातून किती वेळा उघडझाप होते कात्रीची?" ताईंनी कधी मोजलं नव्हतं. "आता पुरे करा," डॉक्टर म्हणाले. त्याच वर्षी भागीदारीण लेकीकडे राहायला गेली, दुसऱ्या गावी, कायमची. दुकानाची जागा एका चष्मेवाल्याने घेतली. भिंतीवरचे आरसे त्याने काढले नाहीत. त्याला ते उपयोगीच होते.

ताई घरी बसल्या. खचून जाण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. सकाळी फिरून येत, कपाटं आवरत, दुपारी शेजारच्या इमारतीत धाकट्या बहिणीकडे जाऊन बसत. असे अकरा आठवडे गेले आणि एके दिवशी बहीण म्हणाली,

"ताई, आरशात बघतेस का गं अलीकडे?"

"रोज बघते."

"मग डोळे तपासून घे. तुझ्याच दुकानात आता चष्मे मिळतात."

घरी येऊन ताईंनी डाव्या हाताने कात्री धरून पाहिली. आपला हात जगन्नाथ, असं त्या आयुष्यभर म्हणत आल्या होत्या, पण तो उजवा हात होता. कानामागचे केस असे काही कापले गेले की दुसऱ्या दिवशी बहिणीला हसू फुटलं, आणि मग ताईंचा चेहरा बघून ती थांबली.

"जा की कुणाकडे तरी," ती म्हणाली. "जगात काय तू एकटीच होतीस केस कापणारी?"

ताई पहिल्यांदा गेल्या त्या चौकातल्या मोठ्या सलूनमध्ये. दार काचेचं, आत सहा खुर्च्या, गाणी लावलेली. एका मुलीने त्यांना बसवलं, अंगावर कापड टाकलं आणि फोटोंचं पुस्तक हातात दिलं. ताईंनी ते न उघडता परत केलं आणि काय हवं ते सांगायला सुरुवात केली. सांगणं काही संपलं नाही. मुलगी कापत होती आणि ताई आरशातून उंटावरून शेळ्या हाकत होत्या. "कंगवा आडवा नको, तिरका धर. बोटं खाली. अजून खाली. ओढू नकोस, ओले आहेत, वाळल्यावर वर जातील." मुलीचे कान लाल झाले. दाखवायला म्हणून ताई दर वाक्याला मान वळवत होत्या, आणि हलत्या डोक्यावर जसे केस कापले जातात तसेच ते कापले गेले. बाहेर पडताना ताईंना वाटलं, आजकाल कुणाला काही शिकवतच नाहीत.

दुसऱ्या सलूनचा मालक त्यांच्याच वयाचा होता. त्याने दहा मिनिटं ऐकून घेतलं, मग कात्री बाजूला ठेवली.

"एक डोकं दोघांनी मिळून कापायचं म्हणजे अवघड आहे," तो म्हणाला. "तुम्ही कापता की मी कापू?"

ताईंनी मान सरळ केली. त्याने उरलेलं काम एकही शब्द न बोलता पुरं केलं आणि उठताना त्यांना दारापर्यंत सोडायला आला, तेही न बोलता. ताईंनी बहिणीला हे सगळं सांगितलं, बहीण आपली बाजू घेईल या अपेक्षेने.

"तुझ्या दुकानात अशी बाई आली असती तर?" बहिणीने विचारलं.

ताईंनी जरा विचार केला. "बाहेर काढली असती," त्या म्हणाल्या.

सोनाराने कान टोचले ते बरं झालं. यानंतर ताईंनी दुकानं बघायचं सोडलं आणि डोकी बघायला लागल्या. ताजे कापलेले केस कुणाचेही दोन दिवस चांगले दिसतात, हे त्यांना ठाऊक होतं. खरी परीक्षा पाचव्या-सहाव्या आठवड्यात, वाढल्यावर. तेव्हाही केस जागच्या जागी पडत असतील तर कापणारा हात जाणता. म्हणून बँकेच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर, बसमध्ये त्या समोरच्या बाईची मान न्याहाळू लागल्या. तिघींना त्यांनी थेट विचारलं, "कुठे कापता?" एकीने आनंदाने सांगितलं, पण तिचं सलून दोन तासांच्या अंतरावर होतं. दुसरी म्हणाली, नवरा कापतो. तिसरीने पर्स घट्ट धरली आणि पुढच्या थांब्यावर उतरून गेली.

चौथी होती औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहणारी. तिचे केस दाट आणि कुरळे, म्हणजे कापायला सगळ्यात वाईट, आणि तरी ते कानांवर नीट बसले होते.

"दीड महिना झाला ना कापून?" ताईंनी अंगठ्याचं मलम घेता घेता विचारलं.

"सात आठवडे," ती चकित होऊन म्हणाली. "तुम्हाला कसं कळलं?"

तिने पत्ता दिला. चपला दुरुस्त करणाऱ्याच्या वर, पहिला मजला. एकच खुर्ची, एकच बाई. आधी फोन करावा लागतो.

ताईंनी फोन केला नाही. आधी जाऊन बघायचं ठरवलं. वेळ ठरवायला आले आहे, असं सांगून त्या बाकावर बसल्या. चाळिशीची सलूनवाली कामात होती. तिने मानेनेच "बसा" म्हटलं. वीस मिनिटांत ताईंनी सगळी खोली डोळ्यांखालून घातली. कंगवे औषधाच्या पाण्यात बुडवलेले. टॉवेल एकदाच वापरून टोपलीत. जमीन झाडल्याशिवाय पुढची बाई आत नाही. सलूनवाली पाणी मारायच्या आधी कोरड्या केसांतून बोटं फिरवून बघत होती, केस कुठे दाट, कुठे विरळ, भोवरा कुठल्या बाजूला. आणि पहिला प्रश्न विचारत होती, "सकाळी केसांसाठी तुम्हाला वेळ किती असतो?" ताईंना हे शहाणपणाचं वाटलं. दोन मिनिटं वेळ असणाऱ्या बाईला वीस मिनिटांचे केस कापून दिले तर ती एकच दिवस छान दिसते. आणखी एक गोष्ट त्यांनी पाहिली. एक बाई जिना उतरून गेली, पण तिच्याबद्दल पुढच्या बाईशी एक अक्षरही निघालं नाही. बोलणं कमी दिसतंय हिचं, एवढीच ताईंनी तेव्हा नोंद घेतली.

गुरुवारची अकराची वेळ मिळाली. ताई दहा मिनिटं आधी पोचल्या. काय काम करता, असं विचारल्यावर "ऑफिसात होते, आता घरीच," असं त्यांनी ठोकून दिलं. चष्मा काढून समोर ठेवला. सलूनवालीने मानेवर कापड बांधलं, कंगवा उचलला, आणि थांबली.

"काकू, किती वर्षं कापत होतात?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. माझा हात पोचायच्या आत तुमची मान वळते. ऑफिसातली मान अशी नसते."

ताईंना हसू आलं. त्यांनी अंगठ्याचं सांगितलं, दुकानाचं सांगितलं, चष्मेवाल्याचं सांगितलं. सलूनवालीने सगळं ऐकलं.

"मग तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं," ती म्हणाली. "जे सांगायचं ते आत्ता सांगा. कात्री सुरू झाली की नको."

ताईंनी तीनच गोष्टी सांगितल्या. भोवरे दोन आहेत. उजव्या कानामागे कुणीतरी घोळ घातलाय, तो मीच. आणि रोज सकाळी पाच मिनिटं, त्याहून जास्त नाहीत. त्यानंतर चाळीस मिनिटं त्या गप्प बसल्या. चष्म्याशिवाय आरशात एक धूसर डोकं दिसत होतं. कात्रीचा आवाज मात्र स्वच्छ ऐकू येत होता, आणि कापडाखाली त्यांच्या उजव्या हाताची बोटं त्या आवाजाबरोबर उघडत आणि मिटत होती. दुखायला लागलं तेव्हा त्यांनी डाव्या हाताने उजवा हात धरून ठेवला.

केस चांगले झाले. बहिणीनेही तसं म्हटलं. पण तिसऱ्या दिवशी ताईंच्या लक्षात आलं की डावी बाजू नखभर लांब आहे. दुसऱ्या कुणाला दिसणार नाही इतकी. त्यांनी दोन दिवस विचार केला. गप्प बसायचं, की यापुढे जायचंच नाही, की येता-जाता चारचौघींना सांगायचं? गिऱ्हाइकं हे तिन्ही करतात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्यांनी फोन केला आणि सोमवारी गेल्या.

"डावी बाजू," त्या म्हणाल्या. "थोडीशीच."

सलूनवालीने दोन्हीकडच्या बटा पुढे ओढून हनुवटीखाली जुळवल्या. "खरंच की," ती म्हणाली आणि तीन मिनिटांत काम केलं. मग म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत. लोक सांगत नाहीत."

"हो," ताई म्हणाल्या. "नुसते येत नाहीत."

चौथ्या वेळी ताई जिना चढून आल्या तर बाकावर शाळेतल्या बाई बसलेल्या. या बाई अकरा वर्षं ताईंकडे यायच्या. दर महिन्याला, न चुकता. आणि एका महिन्यात त्या आल्या नाहीत, पुढच्याही नाही, मग कधीच नाही. ताईंनी निरोप पाठवला होता, उत्तर आलं नव्हतं. एकदा रस्त्यात दिसल्या तर पलीकडच्या फुटपाथवर गेल्या. भागीदारीण म्हणाली होती, सोड, माणसं बदलतात. ताईंनी सोडलं होतं, पण पूर्णपणे नाही.

बाई अर्धवट उठल्या, मग पुन्हा बसल्या. ताई शेजारी बसल्या. खुर्चीपाशी ड्रायर चालू होता.

"बाई, एक विचारू?" ताई म्हणाल्या. "का सोडलंत?"

बाईंनी हातातल्या छत्रीची मूठ दोनदा फिरवली. "त्या दिवशी मी दारात चपला घालत होते. तुम्ही आत दुसऱ्या बाईंना म्हणालात, शाळेच्या बाईंचं टक्कल झाकण्यातच माझी सगळी सकाळ जाते. त्या हसल्या. तुम्हीही हसलात."

ताईंनी आठवून पाहिलं. काहीच आठवेना. असं त्या म्हणाल्या असतील, हे मात्र त्यांना लगेच पटलं. अशी वाक्यं दिवसातून दहा निघायची, काम करता करता, कुणाचं वाईट मनात न आणता.

"मला आठवत नाही," त्या म्हणाल्या.

"मला आठवतं."

"चुकलं माझं."

"नऊ वर्षं झाली त्याला."

"तरी."

बाईंनी छत्री मांडीवर आडवी ठेवली. म्हणाल्या, "तोंडावर सांगायला हवं होतं मी. पण सांगायचं म्हणजे तेच वाक्य परत म्हणायचं. ते काही जमेना."

ड्रायर बंद झाला. सलूनवालीने जमीन झाडली आणि आधीची वेळ ताईंची होती म्हणून त्यांना हाक मारली. ताई खुर्चीत बसल्या तेव्हा त्यांची पाठ बाकाकडे होती. आपली टाळू मागून विरळ झाली आहे, हे त्यांना माहीत होतं. त्या बाकावरून ती किती स्वच्छ दिसते, हेही माहीत होतं. सलूनवालीने तिथले केस विंचरले, काही बोलली नाही. बाईही काही बोलल्या नाहीत. ताई उतरून गेल्यावर त्या दोघींत काय बोलणं झालं असेल, असा विचार ताईंच्या मनात आला आणि त्यांना खात्री वाटली की काहीच झालं नसणार. घरापर्यंत त्या चालत गेल्या, बस न घेता.

बाईंशी त्यांची मैत्री वगैरे झाली नाही. कधी जिन्यात गाठ पडली तर दोघी थांबतात, "बरं आहे ना?" म्हणतात, आणि एक वर जाते, एक खाली. सलूनवालीने एकदा फोन करून विचारलं, फार कुरळ्या केसांना मानेजवळ कसं धरायचं. ताईंनी सांगितलं, तेवढंच सांगितलं. पुढच्या गुरुवारी ते जमलं का, हे विचारायचं त्यांनी कष्टाने टाळलं.

त्यांच्या आग्रहाने धाकटी बहीणही एकदा तिथे जाऊन आली.

"कसं काय?" ताईंनी विचारलं.

"कापते छान. पण ताई, चाळीस मिनिटं ती बोललीच नाही! मला वाटलं, काही चुकलं की काय माझं."

"काम करत होती ती."

"करू दे ना. पण मी काय नुसते केस कापायला जाते होय?"

बहीण तिच्या जुन्या ठिकाणी परत गेली. तिथे तीन खुर्च्या आहेत, कायम सहा-सात बायका बसलेल्या असतात, आणि सगळ्यांच्या घरातलं सगळं सगळ्यांना कळतं. केस तिथे बरे कापत नाहीत. डावी-उजवी बाजू कधी सारखी नसते, ताईंना ते दारातूनच दिसतं. बहीण मात्र तिथून येते तेव्हा हसत येते, आणि ताईंनी त्यावर अजून तरी काही म्हटलेलं नाही.