मांडवाबाहेरची विहीण

माझ्या विहिणीइतकी चावट बाई अख्ख्या मराठवाड्यात दुसरी सापडणार नाही, आणि हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगते. विहीण म्हणजे माझ्या लेकीची सासू. मी तलवाड्याची, ती अंबाजोगाईची. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, तिची तिसरीतच सुटली, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. बोलायचं तिने आधीच घेतलं होतं. तिचा धंदा सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे ज्याला पान उलटायचं त्याने आत्ताच उलटावं. ती मोठ्या माणसांसाठी चावट गोष्टी सांगते, इंटरनेटवर. चेहरा दाखवत नाही, उघडंनागडं काही नाही, नुसता आवाज. पण तो कानात गेला की ऐकणारा आधी दार लावून घेतो. तिची स्वतःची वेबसाइट आहे, स्वतःचं नाव आहे, दर महिन्याला वर्गणी भरून ऐकणारी माणसं बीडपासून दुबईपर्यंत आहेत. साठी केव्हाच उलटली आहे. गुडघे दुखतात, आवाज दुखत नाही.

आमच्याकडे हळदीला बायका जी गाणी म्हणतात ती देवाची नसतात. सगळा रोख विहिणीवर असतो, आणि त्या वेळी पुरुषांनी तिकडे फिरकायचं नसतं. माझ्या लेकीच्या हळदीला ही बाई नवरदेवाची उष्टी हळद घेऊन आमच्या मांडवात आली, ताट खाली ठेवलं, पदर खोचला, आणि सगळ्या भावकीसमोर माझ्याकडे बोट करून सुरू झाली:

विहिणीच्या खोलीला आतून कडी गं,
व्याही म्हणतो आत माझी राहिली छडी गं!

बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. मी तिला उत्तर दिलं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझा नवरा शेजारच्या खोलीत हिशोबाचं सोंग घेऊन बसला होता. तो पुढे कितीतरी दिवस खोलीची कडी लावायला घाबरत होता. त्या दिवसापासून आमची मैत्री. तिला लिंबागणेशापर्यंत हळदीची बोलावणी असत. पत्रिका छापून यायच्या आधी तिला निरोप जाई, कारण नवरी बदलता आली असती, पण ती नसेल तर हळद अळणी.

मग व्याही, म्हणजे तिचा नवरा, वारले. पुढच्या लग्नसराईत तिच्या पुतण्याची हळद होती. ती सवयीने मांडवात शिरली, तर जावेने दंडाला धरून हळूच सांगितलं, "माय, तुमी जरा बाहेर बसा. हळद हाय." बाहेर पाण्याच्या जारपाशी प्लास्टिकची खुर्ची होती, तीवर ही बसली. आत कुणीतरी हिचंच गाणं म्हणत होतं. मला भेटली तेव्हा मला वाटलं आता रडेल. रडली नाही. म्हणाली, "बाहेर बसवलं त्येचं काही न्हाई, विहीणबाई. पण त्या बयेनं छडीच्या जागी घडी म्हटलं हो! आत माझी राहिली घडी! गाण्याचा जीवच घेतला."

माझा नवरा अजून आहे. त्यात माझं कर्तृत्व काही नाही, माणूस काटक आहे एवढंच. पण तेवढ्या भांडवलावर मला गाता येत नसूनही मी मांडवात, आणि ती गळा घेऊन बाहेर. त्यानंतर तिचा घसा बसला. काढा झाला, हळददूध झालं, वाफारा झाला. डॉक्टरने बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाला, "आजी, घसा एकदम चांगला आहे. वापरत जा." ही घरी येऊन सुनेला म्हणाली, "वापरू कुठं? दुकानात गिऱ्हाइकापुढं?"

सून म्हणजे माझी लेक. तिने फोन पुढे धरला आणि म्हणाली, "इथं वापरा." तिथून सगळं सुरू झालं.

त्यांचं किराणा दुकान आहे. मागच्या खोलीत पोत्यांची थप्पी. दुपारी दुकानाचं शटर खाली आलं की ही त्या खोलीत जाऊन बसते. आवाज भरायला तुरीची पोतीच लागतात असा तिचा सिद्धांत आहे. "साखर आवाज खाती, तूर आवाज धरती." मी दोन्हीकडे बोलून पाहिलं, मला काही फरक कळला नाही. गालात गुळाचा खडा धरते, डोक्यावरून पदर घेते, आणि व्याह्यांचा फोटो पुढच्या पोत्यावर मांडते. मी म्हटलं, "निदान त्यांना तरी पाठमोरं ठेवा." तर म्हणाली, "ऐकू द्या की. निम्म्या गोष्टी त्येंच्याच हायत. बाकीच्या निम्म्या त्येंच्याकडनं व्हायच्या राहिल्या."

गोष्टीत नाव घेऊ नये अशा प्रत्येक गोष्टीला ती गूळ म्हणते. गूळ फुटतो, गूळ पाघळतो, गुळाला मुंग्या लागतात, कुणाची ढेप तर कुणाचा नुसताच खडा. हे ऐकल्यापासून मला संक्रांतीला तीळगूळ देताना समोरच्याच्या तोंडाकडे बघता येत नाही. पण तिचे नेम कडक. ओळखीच्या माणसाची गोष्ट नाही. पोरासोराची गोष्ट नाही. आणि बाईने स्वतःच्या तोंडाने 'हं' म्हटल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. एका गोष्टीत तो गडी विहिरीवर ताटकळत बसला आहे आणि बाई निवांत धुणं धुते आहे, अर्धा वेळ त्यातच जातो. मी म्हटलं, "किती लांबवता?" ती म्हणाली, "तिचं ठरलं न्हाई अजून. मी कोण घाई करणार?" बायकांची वर्गणी पुरुषांपेक्षा जास्त येते ती यामुळेच, असं माझी लेक सांगते.

सुरुवातीला हे सगळं दुसऱ्याच्या ॲपवर चालायचं. ऐकणारे पुष्कळ झाले. आणि एका सकाळी फोन उघडला तर तिचं खातं बंद. नियम मोडला म्हणे. कुठला शब्द खटकला ते कुणी सांगितलं नाही; विचारायला माणूसच नव्हता, सगळी उत्तरं यंत्राची. ऐकणारी सगळी माणसं एका रात्रीत गेली, गोष्टी गेल्या, आणि तिचा घसा पुन्हा बसला. लेकीचा फोन आला तेव्हा मी एसटीने अंबाजोगाईला गेले. विहीण तुरीच्या पोत्याला टेकून बसली होती.

"ह्याबी मांडवातनं काढलं बगा, विहीणबाई," ती फाटक्या आवाजात म्हणाली.

मला कुणाची समजूत काढता येत नाही. मी म्हटलं, "मग सारखं सारखं दुसऱ्याच्या मांडवात कामून शिरता? बाहेर बसा. बाहेर कुणाच्या बापाचं हाय?"

तिने गुळाचा खडा तोंडात टाकला. "खरं हाय," म्हणाली. "आमचे सासरे सांगायचे, दुसऱ्याच्या ओट्यावर दुकान मांडू न्हाई, ओटेवाला कवाबी उठवतो. गिऱ्हाईक आपलं पायजे, ओटाबी आपला पायजे." आणि सुनेला हाक मारून म्हणाली, "लिही गं नाव. मांडवाबाहेर."

तेच नाव आजपर्यंत आहे.

वेबसाइट लेकीने एका ओळखीच्या मुलीकडून करून घेतली. मोठ्या माणसांनीच आत यावं म्हणून तिथे 'मी अठरा वर्षांपुढचा आहे' असं एक बटण ठेवणार होते. विहीण म्हणाली, "म्हणायला काय जातंय? आमचा नगरसेवकबी म्हणतो मी मोठा हाय." म्हणून तिथे ओळखपत्र दाखवल्याशिवाय दार उघडत नाही. शिवाय दारातच तिचा आवाज येतो: "बारकं लेकरू असशील तर फोन ठेव आन् अभ्यासाला लाग. मला तुपल्या आईचा नंबर हुडकायला येळ लागत न्हाई." हे धादांत खोटं आहे, पण काम करतं.

पहिले काही महिने फारसं कुणी फिरकलं नाही. याच काळात पुण्याचा एक माणूस आला. गोष्टी आणि नाव दोन्ही विकत घेतो म्हणाला, आवाज एका तरुण मुलीचा लावू, भाषा जरा स्वच्छ करू. माणूस वाईट नव्हता, चपला बाहेर काढून आला होता. म्हणाला, "काकू, गूळ थोडा गावठी वाटतो. आपण चॉकलेट म्हणू."

"चॉकलेट फोडाया बत्ता लागतो का?" विहिणीने विचारलं.

"नाही."

"मग त्यात काय राम? हाताला लागलं की इरघळून जातंय."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. जाताना सुनेने गुळाचा चहा पुढे केला तर लाल होऊन नको म्हणाला. नाव विहिणीने विकलं नाही. मला नंतर म्हणाली, "आवाज दुसरीचा लावणार व्हता. म्हंजी पुन्हा मी बाहेर आन् आत दुसरीच गाणार. आन् ती घडीच म्हणणार, लिहून घ्या."

धंदा उभा राहिला तो चुकीने. दुकानाच्या गिऱ्हाइकांना पाठवायचा निरोप तिने वेबसाइटवरच्या मोजक्या माणसांना पाठवला: "उद्या सकाळी ताजा गूळ येणार हाय. ज्याला पायजे त्यानं आपापलं भांडं घेऊन यावं. उशीर केला तर खरवड उरंल." दुकानाचा निरोप होता, त्यात पाप काही नव्हतं. पण तो असा फिरला, इतक्या लोकांनी इतक्या लोकांना पाठवला, की जुने ऐकणारे आवाज शोधत परत आले आणि सोबत नवे घेऊन आले. तिने आजवर रचलेल्या सगळ्या गोष्टींत हीच सर्वांत चावट गणली जाते. तिला हा अपमान वाटतो.

गावात कळायचं ते कळलंच. माझा जावई गल्ल्यावर असताना एका गिऱ्हाइकाने डोळा मारून विचारलं, "आज गूळ कसा हाय शेठ?" जावयाने आईशी बोलणं टाकलं. जेवायला समोर बसायचा आणि बायकोला सांगायचा, "आईला म्हणावं, मीठ दे." शेवटी एक दिवस स्वतःच बोलला, "आई, तू सांग काय सांगायचं ते. पण गूळ तेवढा नको. आपल्या दुकानात इकतो आपण. तूर म्हण."

"तुरीत काय रस हाय रं?" ती म्हणाली. तो ताटावरून उठून मागे गेला, आणि हसू आवरून परत यायला त्याला वेळ लागला. त्यानंतर मात्र दुपारी मागच्या खोलीकडे कुणी गेलं तर तोच दटावतो, "आईचं काम चालू हाय."

परवाच्या लग्नसराईत आमच्या नातीची हळद झाली. माझ्या लेकीची लेक, म्हणजे तिची सख्खी नात. तिच्याच दारात मांडव, तिच्याच पैशाने मंडपवाला आला, आणि ही बया सकाळीच प्लास्टिकची खुर्ची घेऊन समोरच्या कडुलिंबाखाली जाऊन बसली. कुणी सांगितलं नव्हतं. आत जावा-भावजया तोंडं आवळून बसल्या होत्या. आज ही आत आली तर काय करायचं, हा सगळ्यांच्या मनातला प्रश्न, आणि तिने तो स्वतःच सोडवून टाकला होता. नात पाटावर बसून सांगत होती, "आजी आल्याबिगर मी हळद लावून घेणार न्हाई."

मी लिंबाखाली गेले. म्हटलं, "उठा. पोरगी खोळंबलीय."

"न्हाई," ती म्हणाली. "आत आले की नाव खोटं पडतं. लोक म्हणतील, मांडवाबाहेर म्हणती आन् आत जाऊन बसती. धंद्याला बट्टा लागंल."

चेहरा चेष्टेचा होता. पण पदराचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलेलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. मी तिच्याशी वाद घातला नाही. मांडवात परत गेले, नातीला म्हटलं, "ऊठ गं," आणि तिच्याखालचा पाट उचलला. माझ्या लेकीने हळदीची वाटी घेतली. नातीच्या मैत्रिणींनी चटया घेतल्या. म्हाताऱ्यांपैकी जिने एकेकाळी हिच्या दंडाला धरलं होतं, ती जाऊ थोडा वेळ एकटीच बसून राहिली, मग मांडवात आपण आणि आचारीच उरलो हे पाहून तीही पदर सावरत आली. आम्ही पाट लिंबाखाली, खुर्चीच्या समोर मांडला.

विहिणीने हात मागे घेतला होता. नातीने तो धरून वाटीत बुडवला आणि स्वतःच्या गालावर ठेवला. मग माझी विहीण उठली, पदर खोचला, माझ्याकडे बोट केलं, आणि माझं आणि माझ्या काटक नवऱ्याचं जे काय करायचं ते गाण्यात करून घेतलं. नातीच्या मैत्रिणी फोनवर ऐकलेला तो आवाज ओळखून किंचाळल्या. पोरी शब्द न शब्द मागे म्हणत होत्या, आणि छडीला छडीच म्हणत होत्या. सगळ्यात शेवटी तिने एक कडवं म्हटलं, ते मी कधी ऐकलं नव्हतं:

कधीची उघडी माझ्या खोलीची कडी गं,
कोपऱ्यात उभी माझ्या धन्याची छडी गं.

हसावं की गप्प बसावं ते कुणाला समजेना. तीच ओरडली, "हसा की गं! चावटच हाय ते!" तेव्हा पहिल्यांदा नात हसली, मग सगळ्या.

लेकीने फोनमध्ये ते भरून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने सासूला विचारलं, वेबसाइटवर टाकू का. "न्हाई," विहीण म्हणाली. "ते इकायचं न्हाई. ते मांडवातलं हाय."

गाणं झालं होतं लिंबाखाली, मांडव तिथून चांगला हाकेच्या अंतरावर होता. पण ती त्याला मांडवातलंच गाणं म्हणते. मी दुरुस्त करायला गेले नाही.