कोपरभर पाण्यातला हात

एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमारास धाम नदीच्या बंधाऱ्यावर पाण्याची उंची टिपायची नोकरी मला मिळाली. पट्टी वाचायची, वहीत आकडा लिहायचा. पोहता येत नसल्याने सगळा रुबाब काठावरूनच.

एक म्हातारा भोई रोज मासे धरायला जाळं घेऊन यायचा. कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवून डोळे मिटायचा. नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा हात बाहेर काढून म्हणाला, "बाबू, उद्या सकाळी मासे चढतीन. बंधाऱ्याची मधली फळी काहाडजो."

"काऊन?"

"त्याइच्या पोटात अंडे हायेत. वर गेले नाई तं इथंच भिंतीले आपटून मरतीन. मंग पुढच्या साली नदीत काय मोजशीन?"

माझी पट्टी कालचाच आकडा दाखवत होती, पाणी बोटभरही चढलं नव्हतं. हुकुमाशिवाय फळी काढली तर नोकरी जायची. तरी सकाळी काढली.

आणि धारेतून मासेच मासे उलटे चढू लागले! म्हाताऱ्याचं जाळं मात्र खांद्यावरच.

"टाका की!"

"आज नाई, बाबू. आज त्याइले जाऊ दे."

अजूनही मी आंघोळीच्या बादलीत कोपरापर्यंत हात घालून डोळे मिटतो. बायको विचारते, "काय कळलं?"

"गरम आहे," मी सांगतो. माझी मजल तेवढीच.