केर कधी काढू?

“वरच्या काकूंचा केर अजून निघालेला नाही, म्हणजे मंदार हवेतच आहे,” साठेकाकू जिन्यात कुणाला तरी म्हणाल्या आणि दोघी हसल्या. मी दारात चपला घालत होते. ठाकुर्लीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी न बोलणारी म्हणूनच सगळ्यांना माहीत होते.

वरच्या काकू आमच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. घरातून निघालेलं माणूस मुक्कामी पोचेपर्यंत त्या झाडूला हात लावत नसत. मुलगा, मंदार, पुण्याला शिकायला होता तोवर हे दुपारपर्यंत आटपायचं. मग तो ऑकलंडला गेला.

त्याचं विमान सुटलं की त्या मला वर बोलवायच्या. मी फोनवर नकाशा उघडायची. मुंबई, सिंगापूर, तिथलं ताटकळणं, मग नुसतं निळं पाणी. एकदा धीर करून म्हटलं, “बारा हजार किलोमीटर आहे, काकू.”

“किलोमीटर राहू दे गं. केर कधी काढू ते सांग.”

विमान उतरेपर्यंत इथे दिवेलागण झालेली असली, तर केर दुसऱ्या सकाळवर जायचा. तोवर त्याने सांडलेल्या चिवड्यातले शेंगदाणे टेबलाखाली तसेच. काकू त्यांना वळसा घालून चालायच्या. “तू बोलत नाहीस, पण तुझा फोन बोलतो. चालतंय,” म्हणत माझ्या हातावर वडी ठेवायच्या.

“माणूस बाहेर पडल्याबरोबर केर काढतात तो मयत उचलल्यावर,” त्यांनीच एकदा सांगितलं. “जित्या माणसामागे काढायचा नसतो.”

मंदारचं येणं विरळ होत गेलं. शेवटचा आला तेव्हा त्याने बॅगसुद्धा पुरती उघडली नाही. तो ऑकलंडला पोचल्याचं मी सांगितलं, तरी काकू झाडू धरून उभ्याच.

“आता काढला काय नि न काढला काय,” त्या म्हणाल्या. “हा काही परत यायचा नाही.”

मला म्हणायचं होतं, येईल हो. पण मलाही तसं वाटत नव्हतं.

एका सकाळी काकू गेल्या. त्यांच्या हॉलमध्ये जमलेले सगळे माझ्याकडे वळले, “तिकडून यायला किती वेळ लागेल गं?” मी फोन पुढे केला. आज विमान मिळालं तरी उद्याची रात्र. मंदारला फोन लावला, तर त्यानेच सांगितलं, “माझ्यासाठी थांबू नका.” त्याच्या आवाजात घाई नव्हती. अग्नी द्यायला कल्याणहून भाचा आला.

चारच्या सुमारास त्यांना नेलं. माणसं फाटकाबाहेर पडतात न पडतात तोच साठेकाकूंनी दारामागचा झाडू काढला. रीतच होती ती. त्या वाकल्या.

“साठेकाकू, झाडू ठेवा,” मी म्हणाले. “त्या अजून पोचल्या नसतील.”