पडद्याच्या मागून

पिंपरीच्या कारखान्याच्या मैदानात सिनेमा असला की पडदा मधोमध बांधत. पुढे पुरुष बसत, मागे आम्ही बायका. चित्र दोन्हीकडून दिसे, त्यामुळे कुणाची तक्रार नसे. एकदा तिथल्या एका साहेबाने हौसेने बंगाली सिनेमा आणवला. भाषा कळेना, गाणं एकही नाही. नवरा परागंदा झालेली एक बाई शेवटी कुंकू लावते नि घराबाहेर पडते, एवढ्यावर दिवे लागले. पिंपळे गुरवला परतताना गाडीतल्या बायका करवादल्या होत्या. मी मात्र पार खुळावले होते.

त्याच आठवड्यात मला बघायला पाहुणे आले. मुलगा त्याच कारखान्यात फिटर, साताऱ्याकडचा. नाव काय, स्वयंपाक येतो का, हे ठरलेले प्रश्न त्याच्या मामांनी उरकले. मग मुलाने विचारलं, "परवाचा सिनेमा पाहिलात?"

"व्हय."

"शेवट छान होता. नवरा सापडला असणार. ती त्याला आणायला निघाली."

विचारलं तेवढंच बोल, असं आईने सकाळपासून बजावलं होतं. मुलगा मला आवडला होता, हे स्थळ हातचं जायला नको होतं, आणि नेमकं तेव्हाच मला गप्प बसवेना.

"मला तसं न्हाई वाटलं. तिनं वाट बघायची सोडली. कुंकू कसं डाव्या हातानं लावलं, नाइलाजानं."

"उजव्या हाताने. मी समोरच होतो."

"मी बी हुते की. डावाच."

माजघरातून आईच्या बांगड्या वाजल्या. माझे वडील मात्र हसू लागले. "आवं पाव्हनं, तुमी म्होरं, ही मागं. मागनं समदं उलटंच दिसतंय."

सगळे हसले. झालं, स्थळ गेलं, असं मी मनाशी म्हटलं. तो एकटा हसला नाही. म्हणाला, "बरं, हात उजवाच होता. आता तुमचं म्हणणं काय?"

असं मला तोवर कुणी विचारलं नव्हतं.

"तेच हाय. कुंकू लावताना तिनं दाराकडं बघितलंच न्हाई. वाट बघणाऱ्या बाईचं ध्यान दाराकडंच आसतं."

मामांनी टोपी सारखी केली आणि उठायची खूण केली. तो जागचा हलला नाही.

"मला पटलेलं नाही," तो मलाच म्हणाला. "पण पुढचा सिनेमा तुमच्या शेजारी बसून बघेन म्हणतो."

मला इतका आनंद झाला की मान खाली घालायचं राहूनच गेलं.