कानंदीचं बारसं
आज शेजारच्या बारशात उकडलेल्या घुगऱ्यांचा वास आला आणि माझ्या तिसऱ्या मुलीचं बारसं आठवलं. वेल्ह्याचं आमचं घर बायकांनी भरलं होतं, पण हसत कुणीच नव्हतं. तिसरीही मुलगीच, म्हणून सासूबाईंनी ‘नकुशी’ हे नाव आधीच ठरवून टाकलं होतं. पण नाव ठेवायचा मान नणंदेचा. वन्सं पाळण्यावर वाकल्या, बायकांनी रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीत धपाटे घातले, आणि बाळाच्या कानात सांगायचं नाव साऱ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “कानंदी!” सासूबाई कडाडल्या, “आगं, आपल्या नदीचं नाव कुनी पोरीला ठेवतं व्हय?” वन्संनी मान वर केली नाही. “आई, तिच्याच पाण्यावर आपलं भात पिकतं. ती कदी नकोशी झाली का कुनाला?” असं म्हणून त्यांनी पाळण्याची दोरी ओढली, आणि नाव तेच राहिलं. आता आमच्या खोऱ्यात घरोघरी कानंदी आहे. आज शेजारीही तेच नाव ठेवलं, तेव्हा बोळक्या तोंडानं घुगऱ्या चघळत सासूबाई साऱ्यांना सांगत होत्या, “ह्ये नाव पयलं आमच्या घरातलं, बरं का. आमीच काढलं.”