उतारावरचं डिझेल

आमच्या घरात पहिली पदवी आली ती मामांच्या ट्रकमधून. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. चौथीपर्यंत शिकलेले, आणि नागपुरातल्या लकडगंजच्या एका लाकूड व्यापाऱ्याच्या ट्रकवर उभं आयुष्य काढलेले. त्या व्यापाऱ्याची पद्धत अशी होती की जंगलातून लाकूड आणायच्या प्रत्येक खेपेला डिझेल ठरवून द्यायचं आणि त्यातून जे वाचेल ते ड्रायव्हरचं. त्यात चोरी नव्हती. तो सगळ्यांना ठाऊक असलेला रिवाज होता. त्या वाचवलेल्या डिझेलवर माझं कृषी महाविद्यालयाचं वसतिगृह आणि मेस चालली. माझ्या वडिलांना कॉलेज कोणत्या रस्त्यावर आहे हेही माहीत नव्हतं. मामांनी मला केबिनमध्ये बसवून तिथं नेलं, आणि प्रवेश झाल्यावर गेटबाहेर, सगळ्या पोरांसमोर, ते माझ्या पाया पडले.

बाहेरच्यांना हे विचित्र वाटतं. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा केवढाही असो, मामा त्याला रागावत नाही आणि उलटून बोलत नाही. लहानपणी मी याचा भरपूर फायदा घेतला. मामांच्या घरी मी काहीही फोडलं तरी मार माझ्या मामेभावाला बसायचा.

आता मी नागपूरच्याच नंदनवन वस्तीत राहतो. माझ्याकडे संत्री निवडायचं यंत्र आहे. वरून फळं सोडली की लहान-मोठी आपोआप वेगळ्या कप्प्यांत पडतात. ते दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेलं आहे, आणि हंगामात काटोलकडच्या बागांमधून ते फिरवायचं, हा माझा धंदा. आधी ट्रॉली ओढायला भाड्याचा ट्रॅक्टर घ्यायचो. तो कधी वेळेवर आला नाही. शेवटी ट्रॉली ओढेल आणि घरालाही चालेल अशी एकच गाडी घ्यावी म्हणून हायब्रिड पिकअप घेतली. बायको सक्करदऱ्याला शाळेत शिकवते. ट्रॉलीची खेप नसेल त्या दिवशी गाडी तिची.

ट्रॉली जोडलेली गाडी चालवायला माणूस हवा होता. मामा म्हातारपणामुळे ट्रकवरून उतरले होते, पण नजर आणि हात दोन्ही शाबूत. मी त्यांना गावाहून बोलावून घेतलं. हंगामभर आमच्याकडेच राहायचं ठरलं. गाडी पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"हायब्रिड म्हणजे? आपल्या ज्वारीसारखी?"

"ज्वारी नाही मामा. इंजिन डिझेलचंच आहे. सोबत बॅटरीवर चालणारी एक मोटर आहे. ती चढावर जोर देते."

"मंग रातच्याले प्लग लावा लागते का?"

"नाही लागत. गाडी चालता चालताच बॅटरी भरते."

मामांनी बॉनेटभोवती एक चक्कर मारली. "प्लग नाही, अन् बॅटरी भरते. कोणाच्या घरून भरते गा मंग?"

बायको हसली. मीही हसलो, पण खरं सांगायचं तर सेल्समनने तेच मला सांगितलं तेव्हा माझ्याही मनात हाच प्रश्न आला होता. फरक एवढाच की मी पदवीधर असल्यामुळे तो विचारला नाही.

सुरुवातीला गाडीबद्दल तक्रारीला फारशी जागा नव्हती. सिग्नलला इंजिन आपोआप बंद व्हायचं आणि क्लच दाबला की आवाज न करता सुरू व्हायचं. मे महिन्यात मात्र सिग्नलला एसीची हवा कोमट व्हायची, तेव्हा बायको ती सोय बंद करून टाकायची. गल्लीत गाडी वळवणं हा एक वैताग होता. पण ट्रॉली जोडून चढावर निघालं की गाडी मागे हटायची नाही, आणि ट्रॅक्टरवाल्याच्या दारात उभं राहायची वेळ संपली होती. एकट्या मामांची कुरकुर चालायची. "उतारावर गाडी मोकळी सुटत नाही गा. पाय काढला की मागून कोणी धरून ठेवल्यासारखी वाटते. हिच्यात काही तरी आहे." मी म्हणायचो, नवीन आहे, सवय होईल. म्हातारी माणसं नव्या वस्तूला नावं ठेवतातच, असं मी मनात धरून चाललो होतो.

काही दिवसांनी त्यांची कुरकुर बंद झाली, आणि माझी सुरू झाली.

स्टिअरिंगसमोरच्या पडद्यावर बॅटरीचं चित्र आहे, त्यात आडव्या रेघा. बायको शाळेतून आली की त्या भरलेल्या असायच्या. मामा काटोलहून आले की खालची एखादी उरलेली. त्या दिवशी डिझेलही जास्त जायचं. ट्रॉली ओढताना जास्त जाणार हे मला कळत होतं, पण सेल्समनने सांगितलं होतं त्याच्या कितीतरी पलीकडे जात होतं. मी स्वतः त्या खेपांना गाडीत नसायचो. मजूर जमवायला मोटारसायकलवर पुढे जायचो आणि काम आटोपलं की तशीच परत यायचो. मामा मागून एकटे यायचे.

माझ्या शेजारी एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ राहतात. सकाळी फिरायला जाताना ते प्रत्येकाच्या गाडीकडे पाहतात.

"काय भाऊ, कशी काय गाडी? समाधानी आहे ना?"

"तशी बरी आहे. डिझेल जरा जास्त पिते."

"गाडी पिते का दुसरं कोणी?" ते हळूच म्हणाले. "घरचा असला तरी ड्रायव्हर तो ड्रायव्हर. जुनी सवय जात नाही. वाटेत ढाब्यावर कॅन भरला की झालं."

मी त्यांना म्हटलं, काका, ते माझे मामा आहेत. ते म्हणाले, "म्हणून तर सांगून राहिलो. बाहेरच्याचं तुम्ही स्वतःच पाहिलं असतं."

हे वाक्य डोक्यात बसलं. ज्या रिवाजावर मी शिकलो तोच रिवाज आता मला संशयाचा वाटायला लागला. ठरवून दिलेल्या डिझेलमधून वाचवणं वेगळं आणि भाच्याच्या टाकीतून काढणं वेगळं, हे मी स्वतःला समजावत होतो, आणि त्याच वेळी मामा परत आल्यावर हात धुतात का, त्यांच्या सदऱ्याला वास येतो का, याकडे माझं लक्ष जात होतं. गाडीच्या मागच्या हौद्यात एक रिकामा कॅन दिसला. पाण्याचा होता. मी तो हुंगून पाहिला. पाण्याचाच होता. तरी समाधान झालं नाही, कारण एक कॅन पाण्याचा निघाला म्हणून दुसरा नसेल असं थोडंच आहे.

त्याच सुमारास शोरूममधून एका मुलीचा फोन आला. सर, आपण गाडीबद्दल किती समाधानी आहात, एक ते दहामध्ये सांगा. मी तिला विचारलं, बॅटरी नवीनच बसवली होती ना? ती म्हणाली, सर, ते माझ्याकडे नाही, माझ्याकडे फक्त एक ते दहा आहे. मी आकडा सांगितला नाही. तेव्हा माझा संशय दोन ठिकाणी वाटला गेला होता. दिवसा शोरूमवर आणि संध्याकाळी मामांवर.

एकदा मामा खेप करून आले. पडद्यावर रेघ एकच. ते ओसरीत चहा घेत होते. मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "मामा, आज वाटेत कुठं थांबले होते का?"

मामांनी कप खाली ठेवला. "नाही गा. काहून?"

"काही नाही. असंच."

ते माझ्याकडे पाहत राहिले. चाळीस वर्षं ट्रकमालकाचं तोंड वाचलेला माणूस. त्यांना प्रश्नाच्या मागचा प्रश्न कळला, आणि कळला हे मलाही कळलं. मी त्यांचा मुलगा किंवा त्यांच्या भावाचा मुलगा असतो तर त्यांनी तो कप भिंतीवर फेकून मारला असता, आणि मी म्हणेन ते बरं झालं असतं. पण मी भाचा होतो. ते उठले, कप स्वतः विसळला, आणि बायकोला म्हणाले, "सूनबाई, सकाळी गावाकडे जातो वं. शेतात काम आहे." सकाळी निघताना नेहमीसारखे माझ्या पाया पडायला वाकले. मी मागे सरकलो. ते तरी वाकले.

नंतर फोन केला की मामी उचलायच्या. मामा शेतात आहेत, मामा देवळात आहेत, मामा झोपले आहेत. बायकोने एका संध्याकाळी विचारलं, "मामाजींना तुम्ही काय म्हणाले?" मी म्हटलं, काही नाही, वाटेत थांबले होते का एवढंच विचारलं. तिने तपासायच्या वह्या बाजूला ठेवल्या. मग म्हणाली, "एवढंच पुरे आहे."

बाग मात्र थांबणार नव्हती. रविवारी बायकोची शाळा नसते, म्हणून ती सोबत आली आणि ट्रॉली मी स्वतः नेली. येताना काटोलहून नागपूरकडे रस्ता एकंदरीत उतरत येतो. एका उतारावर माझा डावा हात गियरवर गेला आणि गाडी मोकळी धावायला लागली. ट्रॉली मागून थोडी ढकलत होती. पडद्यावरच्या रेघा जशाच्या तशा होत्या.

"गियर काहून काढला?" बायकोने विचारलं.

"उतार आहे ना."

"मंग?"

"मंग काय. न्यूट्रल केली की डिझेल वाचते."

"मी तर कधीच नाही काढत. मले क्लासवाल्यानं सांगितलं होतं, उतारावर गियर सोडला तर लायसन विसरा." ती पडद्याकडे पाहत होती. "टाका बरं गियरात."

मी गियर टाकला आणि पाय काढून घेतला. गाडी मागून धरल्यासारखी झाली, ट्रॉलीचं ढकलणं थांबलं, आणि पडद्यावर बॅटरीकडे जाणारा एक हिरवा बाण पेटला. उतार संपेपर्यंत एक रेघ वाढली. पुढच्या उतारावर मी पुन्हा गियर काढून पाहिला. बाण विझला. टाकला, पेटला.

मागून धरणारं दुसरंतिसरं कोणी नव्हतं. गाडीच्या वेगातूनच बॅटरी भरत होती, आणि मामांना ते डिझेल वाया जाणं वाटलं म्हणून ते उतारावर गाडी मोकळी सोडत होते. बॅटरी रिकामी राहायची, चढावर मोटर जोर द्यायची नाही, सगळा भार डिझेलवर पडायचा. ते माझं डिझेल वाचवत होते. ट्रकवर तसंच वाचवून त्यांनी मला शिकवलं होतं, आणि सुट्ट्यांमध्ये मला गाडी शिकवताना तो हातही शिकवला होता. म्हणून माझाही हात न विचारता गियरवर गेला.

"शेजारच्या काकांना सांगा आता," बायको म्हणाली. काकांची कॅनची गोष्ट मी तिला वाटेत सांगितली होती.

काकांना मी सांगितलं. ते म्हणाले, असंही असू शकते म्हणा.

मामांचा फोन अजूनही मामीच उचलत होत्या. वसतिगृहात असताना मी त्यांना पत्रं लिहायचो आणि ते केबिनमध्ये बसून एकेक शब्द लावून वाचायचे. म्हणून पुन्हा पत्र लिहिलं. त्याची नक्कल इथं देतो.

मामा, नमस्कार.

मोठ्या अक्षरात लिहीत आहे. मामींकडून वाचून घेऊ नका, स्वतः वाचा.

तुम्ही म्हणत होता की उतारावर गाडीला मागून कोणी धरतं. ते बरोबर होतं. गाडी तेव्हा बॅटरी भरत असते. गियर काढला की भरणं थांबतं आणि पुढच्या चढावर जास्त डिझेल लागतं. ट्रकला जे चालत होतं ते हिला चालत नाही. हे मला तुमची सून सोबत होती म्हणून कळलं. तुम्ही आलात त्या दिवशीच मी तुमच्या शेजारी बसून एक खेप केली असती तर तुमच्या बोलण्याचा अर्थ मला लागला असता.

वाटेत थांबले होते का, असं मी विचारलं. ते का विचारलं हे तुम्हाला समजलं. मी ते असंच विचारलं नव्हतं. तुमच्यावर संशय घेऊन विचारलं होतं. मला तुमच्याशी खोटं बोलायचं नाही, म्हणून लिहून देतो.

गाडी चांगली आहे. ट्रॉली ओढते, सुनेला शाळेत नेते. मला ती आवडते, पण मामा, ट्रॉली लावून मी चालवतो तेव्हा बागवाले बांधावर उभे राहून हसतात. मागे घेताना मी दोनदा कुंपणाला लागलो.

येत्या रविवारी मी गावी येतो, ट्रॉली जोडूनच. तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. उतारावर गियरात ठेवून पाहा, हिरवा बाण दिसेल. पटलं नाही तर तसं सांगा.

आणि मला रागवा. भाच्याला रागवायचं नसतं हे मला माहीत आहे. पण तुम्ही न बोलता निघून गेलात, त्याला मला काही उत्तर देता येत नाही. घरात कोणी नसताना रागवा, मामींना कळणार नाही. त्यानंतरही परत यायचं नसेल तर येऊ नका. मी जेवून जाईन. पण नाही म्हणायचं ते मला तोंडावर म्हणा.