मेश्रामभाऊंनी वाजवलेला खांब

मी लाकडाच्या डेपोत रुजू झाले त्या दिवशी मेश्रामभाऊंनी मला नमस्कार करण्याआधी माझ्या टेबलाला टकटक केलं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर दोनदा आपटलं, मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाले, "बाई, इथी कोपर टेकू नका. मागचा डावा पाय खाल्ला आहे किड्यानं." मी ब्रह्मपुरीहून बी.ए. होऊन आलेली, टायपिंगची परीक्षा पास झालेली. लाकडं मोजणाऱ्या माणसाने मला टेबल वापरायला शिकवावं हे मला मुळीच रुचलं नाही. मी मुद्दाम कोपर टेकून बसले. चौथ्या दिवशी आधी शाईची दौत, मग टाइपरायटर आणि शेवटी मी, असे सगळे खाली गेलो. मेश्रामभाऊंनी मला उठवलं आणि टेबलाचे उरलेले पाय वाजवून पाहिले. त्याचाच मला जास्त राग आला.

आमचा डेपो सागवानाचा. जंगलातून ओंडके यायचे, मेश्रामभाऊ त्यांची मोजणी करायचे, आणि टेप लावण्याआधी प्रत्येकाला टकटक व्हायचीच. पोकळ निघाला की खडूने गोल. त्यांच्या त्या पेरावर सुपारीएवढा घट्टा होता. "लाकूड खोटं बोलत नाई," ते म्हणायचे. "त्याले तोंडच नाई, त खोटं बोलन कुठून?" पोरीसाठी स्थळ पाहायला गेले तेव्हा चहा येण्याआधी त्यांनी यजमानांचा दिवाण वाजवून पाहिला होता. घरी येऊन बायकोला सांगितलं, "पोरगा बरा आहे. पन ज्या दिवानावर आपल्याले बसवलं तो काई लग्नापर्यंत टिकत नाई."

ऐंशी सालानंतरची गोष्ट. पश्चिम जर्मनीतून एक लाकूडतज्ज्ञ डेपो पाहायला आला. त्याच्याकडे ओंडक्याच्या आतलं सांगणारं यंत्र होतं, आमच्याकडे मेश्रामभाऊंचं बोट. अकरा ओंडक्यांवर दोघांचं एकमत झालं. बाराव्यावर यंत्र म्हणालं भरीव, बोट म्हणालं पोकळ. करवत लावली तर आत ढोली, आणि तिच्यात मुंगळ्यांचं अख्खं गाव. गोऱ्याने भाऊंचा हात धरला तो सोडेचना. वर्षभराने त्याच्या गावचं तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाचं बोलावणं आलं, डेपोच्या साहेबांना आणि मेश्रामभाऊंना. पासपोर्टचा अर्ज मीच टाइप केला.

परत आल्यावर दुपारच्या डब्याला मोहाच्या झाडाखाली भाऊंचं प्रवासवर्णन सुरू झालं. त्या शहराचं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. "थे तिकडचं जुनं गाव" एवढंच. दुपारी वर्ग सुटला की साहेब बायकोने दिलेली यादी घेऊन दुकानांत जायचे आणि भाऊ चर्चमध्ये. "तिकीट नाई, बसाले बाक, अन् बाकही कसे? तीनतीनशे वर्साचे!" एकेका दिवसात चारचार चर्च त्यांनी पाहिली, तीन मठही पाहिले. मूर्ती कोणाच्या, चित्रं कशाची, हे आम्ही विचारलं की ते हात झटकायचे. पण कोणत्या दाराला कोणतं लाकूड, कुठली तुळई मूळची आणि कुठली मागाहून घातलेली, हे तोंडपाठ. आमच्याकडच्या मार्कंड्याच्या देवळाचं त्यांना म्हणूनच फारसं काही वाटत नसे. "लय सुंदर आहे, पन दगडाचं. दगडाले काय वाजवता?"

प्रत्येक चर्चच्या दाराशी त्यांनी बूट काढले. एकदा साहेब सोबत होते, त्यांनी सांगून पाहिलं की इथे काढत नाहीत. "मले त काढल्याबिगर आत जाववत नाई," भाऊ म्हणाले आणि बर्फासारख्या फरशीवरून मोज्यांनी हिंडले. त्यांच्या घरचे सगळे बौद्ध. बायकोने विचारलं, तिथे पाया पडलात का? "हात जोडले. हात जोडाले काय धर्म बदलाव लागते?"

मग खांबाची गोष्ट आली. एका मठाच्या चर्चमध्ये मागच्या बाजूला लाकडी माडी होती. रविवारी तिच्यावर पोरं उभी राहून गायची. भाऊ गेले त्या शनिवारी तिथे तालीम चालली होती, वर वीसेक पोरं. भाऊंनी सवयीने माडीखालचा खांब वाजवला. "बाई, वरतून रंग, नक्षी, फुलं. अंदरून मडकं." साहेब दुकानात, भाषा येत नाही. त्यांनी तिथल्या एका म्हाताऱ्या साधूची बाही धरली. "आपले भंतेजीच, कपड्याचा रंग तेवढा निराळा." साधूने त्यांना हाकललं नाही. भाऊंनी त्याला खांब दाखवला आणि त्याला समजलं. पोरं खाली उतरवली, सुतार बोलावला, खांब फोडला. आत मूठभर भुसा. त्या संध्याकाळी साधूंनी भाऊंना आपल्या पंगतीत बसवून सूप पाजलं.

इथे आम्ही हसलो. ब्रह्मपुरीच्या एसटी स्टँडवर गाडीची चौकशी करायला लाजणारा हा माणूस म्हणे जर्मन साधूशी बोलला, आणि साधूला म्हणे समजलं! साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "मला काही ठाऊक नाही, मेश्राम कुठेही भटकत होता." मी त्यांना "पादरीभाऊ" म्हणायला लागले. नाव फार चाललं. हमालसुद्धा "पादरीभाऊ, आमचा साधू काय म्हनते?" म्हणून ओंडका पुढे करायचे. भाऊ हसायचे. मला वाटलं, गंमत चालली आहे.

महिन्याभराने टाइप करताना मला काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. कारण शोधायला दोन दिवस गेले. टकटक बंद झाली होती. भाऊ टेप लावत होते, आकडे सांगत होते आणि पुढे जात होते. खडू खिशातच. पुढच्याच लिलावात पोकळ ओंडका चांगल्याच्या थप्पीत गेला आणि व्यापारी भांडायला आला. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. साहेब त्यांच्यावर ओरडले, भाऊ खाली मान घालून उभे राहिले. मला स्वतःची लाज वाटली. फार वाटली.

दुसऱ्या दिवशी मी यार्डात गेले. "भाऊ, वाजवणं काऊन सोडलं?"

"मंग काय करू? मी सांगतो ते लोकाले खोटं वाटते," ते म्हणाले. "खोट्या मानसाचं बोट काय कामाचं?"

"मला एक सांगा. भाषा येत नव्हती, तर साधूला समजलं कसं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "डोये मिटा," म्हणाले. मी डोळे मिटले. त्यांनी माझा हात धरून मूठ वळवली आणि माझंच पेर एका ओंडक्यावर दोनदा आपटलं. मग चार पावलं चालवून दुसऱ्यावर दोनदा. पहिला आवाज अंगात शिरला. दुसरा घरभर फिरून परत आल्यासारखा.

"कोनता नासला?"

"दुसरा," मी म्हणाले.

"आता सांगा, म्या तुमाले कोनत्या भाषेत सांगितलं?"

मी डोळे उघडले. मग विचारलं, "आणि रविवारी पोरं गायली?"

"गायली ना. खालीच उभी राहून. म्हाताऱ्यानं मले पह्यल्या बाकावर बसवलं. एक शबद समजला नाई बाई, पन गानं भरीव होतं."

त्या दुपारी मोहाखाली मी सगळ्यांना डोळे मिटून तसेच दोन ओंडके वाजवायला लावले, साहेबांनासुद्धा. फक्त साहेबांचं उत्तर चुकलं. पादरीभाऊ हे नाव तिथेच संपलं, आणि सोमवारपासून माझ्या टाइपरायटरला टकटकीची साथ पुन्हा सुरू झाली.

भाऊ निवृत्त झाले, मग दोन वर्षांनी गेले. तेव्हा माझी बदली झालेली. बातमी उशिरा कळली. त्यांच्या घरी पोहोचले तेव्हा दार लोटलेलं होतं. मी वाजवलं.

आतून मेश्रामबाईंचा आवाज आला, "या, डेपोवाल्या बाई."

मी आत गेले. त्या तांदूळ निवडत होत्या, दाराकडे पाठ. "मीच आहे हे कसं ओळखलंत?"

"लोक दार वाजवतच राह्यते," त्या म्हणाल्या. "दोनदा वाजवून ऐकाले थांबनारे दोघंच होते. हे त गेले."